३०० मीटर चाललेलं घर

मँचेस्टर म्हटलं की आपल्याला आठवतात त्या कापडगिरण्या, धुराडी आणि लाल विटांच्या घरांच्या रांगा. पण या शहराच्या ऐन मध्यात, कॅथीड्रलच्या शेजारी, १५५२ सालचं मानलं जाणारं एक लाकडी घर उभं आहे. त्याचं नाव ‘ओल्ड वेलिंग्टन इन’. तीन मजले, पांढऱ्या भिंती आणि त्यांवर काळ्या लाकडांच्या उभ्या, आडव्या, तिरप्या पट्ट्या. आत पब आहे. पब म्हणजे नुसता गुत्ता नव्हे बरं का! जेवायला, गप्पा मारायला, पावसात टेकायला तिथे सहकुटुंब जाणारी माणसंही असतात. लेकीकडे गेले असताना आम्हीही गेलो. माझं लक्ष मात्र ताटापेक्षा छताकडेच जास्त होतं.

घर भिंतींवर उभं असतं, अशी आपली समजूत. इथे तसं नाही. या पद्धतीच्या घराचा सगळा भार लाकडी सांगाडा पेलतो. एका लाकडात चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात नेमकी बसणारी कूस आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. मोकळ्या चौकटी भरायच्या त्या काठ्या विणून आणि त्यांवर माती, शेण, गवताचा गिलावा लिंपून. म्हणजे आपल्या कोकणातला कूडच की! साहेबाचं घरही शेणामातीनं सारवलेलं होतं, हे कळल्यावर मला उगीचच आपलेपणा वाटला.

सुतार ओकचं लाकूड ओलं असतानाच वापरत, कारण ते कापायला सोपं. पुढे ते वाळतं, आक्रसतं, थोडं पिळवटतं. म्हणून अशा घरांत सरळ रेषा सापडणं कठीण. तरी सांधे सुटत नाहीत, उलट घट्ट होतात.

गंमत पुढेच आहे. असं घर जागेवर घडत नसे. सुतार आपल्या आवारात सांगाडा आडवा मांडून सांधे जुळवी, प्रत्येक लाकडावर खुणेचे आकडे कोरी, मग सगळं सुटं करून गाड्यांवरून जागेवर नेई आणि उभं करी. थोडक्यात, सुटं होणं हे या घरांच्या जन्मातच होतं.

वेलिंग्टनच्या बाबतीत हेच कामी आलं. १५५४ साली ते बायरम कुटुंबाकडे गेलं. त्याच घराण्यातल्या जॉन बायरमनं इंग्रजीसाठी लघुलेखनाची एक पद्धत तयार केली. १८३० मध्ये खालच्या मजल्यावर दारूचा परवाना आला. वर कधी चष्मे आणि दुर्बिणींचं दुकान होतं, कधी मासेमारीच्या गळांचं. १९४० च्या डिसेंबरात जर्मन बॉम्बनी आसपासचा बाजार उद्ध्वस्त केला, हे घर वाचलं. १९७० च्या दशकात भोवती काँक्रीटचं बाजारसंकुल आलं, तेव्हा त्याच्या पातळीला आणण्यासाठी अख्खं घर सुमारे दीड मीटर वर उचललं गेलं. १५ जून १९९६ रोजी आयआरएनं जवळच प्रचंड बॉम्ब उडवला. दोनशेहून अधिक माणसं जखमी झाली. आधी इशारा मिळाल्यानं हजारो लोकांना हलवता आलं आणि कुणी दगावलं नाही. घराला इजा झाली, पण सांगाडा उभा राहिला.

शहराची नवी आखणी झाली, त्यात घराची जागा आड येत होती. मग लाकडं सुटी केली गेली, ३०० मीटरवर नेऊन पुन्हा जोडली गेली आणि १९९९ मध्ये पब पुन्हा सुरू झाला. शेजारचा ‘सिंक्लेअर्स ऑयस्टर बार’ही बरोबर नेला. जुने शेजारी आता काटकोनात बसलेत आणि मधल्या अंगणात माणसं.

मग हे तेच घर का? पत्ता बदलला, उंची बदलली, भोवतालचा बाजार तर केव्हाच गेला. काही जण म्हणतील, जागेवरून हललेलं घर म्हणजे नुसतं प्रदर्शन. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आहे. माझं बालपण पुण्यातल्या एका वाड्यात गेलं. सागवानी खांब, तुळया, कडीपाट... तोही सांगाड्यावरच उभा होता. भाऊबंदांच्या वाटण्या झाल्या आणि वाडा उतरवला. लाकूड इतकं चांगलं निघालं, की खांब जुन्या बाजारात हातोहात विकले गेले. सुटं करायला माणसं मिळाली, जोडायला कुणी नव्हतं. आज तो एकेक खांब कुठल्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभा असेल. त्याला वाडा कोण म्हणेल?

वेलिंग्टनच्या तुळयांखाली मात्र अजून ताटं वाढली जातात, मुलं दंगा करतात, म्हातारे कोपरा धरून बसतात. मँचेस्टरला गेलात तर जरूर जा. वर बघा, वाकड्या तुळया बघा, आणि लाकडी खुंट्यांची गोल टोकं कुठे दिसतात का, तेही शोधा.