सेल्फ मारला की नुसतं टक्

आमच्या वाडीत चारचाकी जीप एकच. कागदावर ती आमची, वापरात सगळ्या वाडीची. महिंद्राची एमएम ५४०, १९९० च्या आसपासची, वडिलांनी जुनीच विकत घेतलेली. प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. हापूसच्या पेट्या, खताच्या गोण्या, चिरे, आजारी माणसं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिने देवरुखच्या चढउतारांवरून वाहिलं आहे. तिच्यात इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काही नाही. म्हणूनच ती बिघडली तर आपल्याला कळेल, असा मला पहिल्यापासून विश्वास आहे.

गणपतीच्या तोंडावर ती रुसली. चाकरमान्यांच्या गाड्या संगमेश्वर रोड स्टेशनला लागणार, घाटकोपर-डोंबिवलीची माणसं बोजे घेऊन उतरणार, आणि इकडे हीटर (ग्लो प्लग) तापवून सेल्फ मारला की नुसतं टक्. एकदाच, स्वच्छ. मग काही नाही.

गाडी चालू होत नाही, असं आपण सरसकट म्हणतो, पण तेवढ्याने काही कळत नाही. कान देऊन ऐकलं तर निम्मं निदान तिथेच होतं. चावी फिरवल्यावर अजिबात आवाज नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरुवात करायची. टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर विजेच्या मागे लागायचं कारण नाही. डिझेल येतं का, लाइनीत हवा धरली का, फिल्टरमध्ये पाणी आहे का, हीटर तापतात का, हे बघायचं. आणि एकच टक् होऊन शांतता, हा सगळ्यांत फसवा प्रकार. त्यात सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा खटका, आपलं काम करतो, पण सेल्फची मोटर फिरत नाही. आमचं दुखणं हे होतं.

वाडीचं एकमत झालं की बॅटरी गेली. मला ते पटत नव्हतं. बॅटरी आदल्या वर्षी घेतलेली होती, आणि मीटरने १२.५ व्होल्ट दाखवले. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीला १२.६ च्या आसपास असते, १२ वर आली तर ती जवळजवळ रिकामी समजायची. पण नुसत्या उभ्या बॅटरीचे व्होल्ट बघून ती धडधाकट आहे असं म्हणता येत नाही. म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर हेडलाइट गोठ्याच्या भिंतीवर टाकले, मुलाला भिंतीकडे बघत उभं केलं आणि सेल्फ मारला. टक् झालं. दिवे जेमतेम लवले.

ही परीक्षा कुणालाही, कुठलंही हत्यार न घेता करता येते, आणि तिच्याइतकं सांगणारं दुसरं काही नाही. दिवे पार मंदावले असते, तर बहुधा दोन शक्यता होत्या: बॅटरीत जोर नाही, किंवा सेल्फ जाम होऊन सगळा करंट ओढतोय. दिवे तसेच राहिले याचा अर्थ बॅटरीकडे द्यायला आहे, पण सेल्फपर्यंत तो करंट पुरेसा पोचत नाही. वाटेत कुठेतरी अडतोय.

तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजमधून मेकॅनिक आला. त्याने सेल्फवर हातोडीने ठोकून बघितलं. झिजलेले कार्बन ब्रश अडकले असतील, तर या ठोक्याने सेल्फ एखाद्या वेळी फिरतो. नाही फिरला. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सोलेनॉइडची दोन टोकं जोडायला गेला. मी आधी गियर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला आहे हे स्वतः बघितलं, चाकांना दगड लावले, तेव्हाच करू दिलं. इथे मला थांबून सांगायलाच हवं. गाडी गियरमध्ये असताना सेल्फ असा शॉर्ट केला तर गाडी उडी मारते, आणि पुढे उभा असलेला माणूस चिरडतो. आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये ही युक्ती इतकी सरावाची झाली आहे की तिची भीतीच कुणाला उरलेली नाही. कृपा करून कुणी हे एकट्याने आणि न बघता करू नका.

ठिणगी उडाली, सेल्फ हलला नाही. मग सेल्फ खोलून गॅरेजात गेला. तिथे टेबलावर बॅटरी लावली की भन्नाट फिरला. कार्बन अजून निम्मे शिल्लक होते, तरी बदलले, बुशही बदलले. परत बसवला, चावी फिरवली: टक्. आता नवीन बॅटरी घ्या, नाहीतर नवा सेल्फ, असा सल्ला मिळाला. अर्थिंग, म्हणजे इंजिनातून बॅटरीकडे परतायची विजेची वाट, बघितलं का, असं मी विचारलं. मेकॅनिकने मीटर बीपवर ठेवला, एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. मीटर वाजला. "अर्थिंग ओके आहे," तो म्हणाला.

तोपर्यंत वाडीचं काम अडलं नाही, कारण जीप उतारावर लावायची आमच्याकडे वडिलांपासूनची सवय आहे. जुन्या डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. हवा दाबली गेली आणि डिझेल आलं की पुरे. आमच्या गाडीत इंजिन बंद करायलासुद्धा वीज लागत नाही, डॅशबोर्डवरचा स्टॉपर ओढायचा, तो तारेने पंपाचं डिझेल तोडतो. त्यामुळे दुसरा गियर टाकून गाडी उतारावर सोडली, क्लच सोडला की गाडी चालू. चाकरमान्यांची पहिली खेप तशीच आणली. स्टेशनच्या सपाट आवारात मात्र इंजिन चालूच ठेवावं लागलं.

त्या स्टॉपरनेच खरा धागा दिला. एका सकाळी सपाटीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघत होतो. प्लॅस्टिक तापल्यासारखा बारीक वास आला. हात फिरवत गेलो, तर स्टॉपरच्या केबलचं वेष्टण गरम लागलं. इंजिन रात्रभर थंड पडलेलं होतं. पंपाला लावलेल्या एका साध्या ओढतारेला गरम व्हायचं काही कारणच नव्हतं. गॅरेजवाल्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, इंजिनाची उष्णता असेल. थंड इंजिनाची उष्णता हे उत्तर माझ्या गळी उतरेना.

देवरुखला एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आयुष्य एस.टी.च्या बसगाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेलं. आता निवृत्त, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दुकान नाही. त्यांना घरी जाऊन सगळं सांगितलं. सेल्फचं, बॅटरीचं ते शांतपणे ऐकत होते. केबलचं सांगितलं तेव्हा सरसावून बसले.

"इंजिन थंड होतं, नक्की?"

"रात्रभर थंड, चाचा."

"मग करंट तिकडनं घरी जातोय. चल, येतो मी."

आल्यावर त्यांनी सेल्फकडे बघितलंसुद्धा नाही. मीटर व्होल्टवर ठेवला. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, तारेच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटीवर दाबली, लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. मला म्हणाले, मार सेल्फ. टक् झालं आणि आकडा सातच्या वर गेला.

बॅटरीचं मायनस आणि इंजिन हे विजेच्या हिशेबाने एकच ठिकाण असायला हवं. सेल्फ मारताना त्यांच्यात अर्धा व्होल्ट दिसला तरी संशय घ्यावा. चांगल्या गाडीत त्याहून बराच कमी दिसतो. इथे सात. म्हणजे बॅटरी बारा देत होती, त्यातले सात परतीच्या वाटेवरच खर्च होत होते आणि सेल्फच्या वाट्याला चार-साडेचार येत होते. तेवढ्यावर सोलेनॉइड टक् करतो, डिझेल इंजिन हलत नाही.

कारण इंजिन चासीवर थेट बसलेलं नसतं. ते रबराच्या माउंटिंगवर असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. सेल्फला गेलेला सगळा करंट त्या पट्टीतून चासीत आणि तिथून बॅटरीत परततो. डिझेल गाडीत हा करंट दोनशे-तीनशे अँपिअर असतो, जाम बसलेलं इंजिन पहिल्यांदा हलवताना त्याहूनही जास्त. पट्टी कुजली की वीज मिळेल त्या लोखंडातून वाट काढते: स्टॉपरची तार, स्पीडोमीटरची केबल, अॅक्सिलरेटरचा दांडा. बारीक तारेतून एवढा करंट जायला लागला की ती तापते. कधी वितळते, आणि कधी आगही लागते.

मग तो मीटर बीप का वाजला? हे मला नीट समजून घ्यायचं होतं, आणि चाचांनी ते आमच्या पऱ्ह्यावरचा साकव दाखवून सांगितलं. सुपारीच्या दोन खोडांचा साकव एका माणसाला पार नेतो, म्हणून त्यावरून भरलेली जीप जाईल का? बीप काढताना मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. पट्टीतला एक धागा शाबूत असला तरी तो पार होतो. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंत खुशाल वाजतात. आणि इथे अडथळा होता एका ओहमचा विसावा भाग, त्या मीटरला दिसणारच नाही इतका. पण दीडशे अँपिअर त्याच्यातून जायला लागले की तोच विसावा भाग साडेसात व्होल्ट गिळतो. म्हणून अर्थिंग तपासायचं ते सेल्फ मारत असताना, व्होल्टमध्ये. उभ्या गाडीचा बीप काही सांगत नाही.

खात्रीसाठी चाचांनी जम्परची एक जाड केबल घेतली, आधी इंजिनाला आणि मग बॅटरीच्या मायनसला लावली. चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्याला पेटलं. पडवीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पट्टी खालून सोडली तेव्हा ती हातात तुटली. आतून हिरवी पूड झालेली. चासीकडचा तिचा बोल्ट तर रंगावरच आवळलेला होता. मागे कधीतरी इंजिन उतरवून चढवताना चासीला काळा रंग मारला गेला आणि पट्टी त्याच्यावर बसवली गेली. पहिली काही वर्षं बोल्टच्या आट्यांनी काम चालवलं असणार. नंतर कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणाने आट्याही गंजल्या. चाचांनी वेल्डिंगच्या केबलचा हातभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना तांब्याचे थिंबल दाबून बसवले. दोन्ही जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासल्या, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळले आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली आधी लावायची नाही, आधी लोखंडाला लोखंड भेटू द्यायचं. पुन्हा मोजलं: ०.१. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत. चाचांनी मजुरी घेतली नाही, गणपतीच्या दिवशी जेवायला आले.

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. अल्टरनेटरसुद्धा इंजिनावरच बसलेला असतो, त्यामुळे त्याचं चार्जिंगही याच पट्टीतून फिरतं. पट्टी खराब असली की बॅटरी कधीच पुरती भरत नाही आणि लवकर मरते. लोक नवी बॅटरी घेतात, थोडे महिने गाडी बरी चालते, मग तीही जाते, आणि दोष बॅटरीला लागतो. असे कित्येक लोक आपण बघितले, असं ते म्हणाले. मला ते ऐकून वाईट वाटलं. आमच्या भागात जुन्या जीपवर, ट्रॅक्टरवर, टेम्पोवर पोट असलेली माणसं आहेत. बॅटरीचे हजारो रुपये त्यांना हंगामात फार जड जातात, आणि ते वाचवणारी ही तपासणी दोन मिनिटांची आहे. गॅरेजांमध्ये सुटा भाग बदलून बघण्याची रीत पडली आहे. मोजून बघण्याची रीत चाचांच्या पिढीकडे होती, आणि त्या पिढीतली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसावं, विचारावं, लिहून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. मी वहीत लिहायला सुरुवात केली आहे.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि ती नुसतं टक् करत असेल, तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी मेकॅनिकला एवढंच सांगा: सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस खुंटीपासून इंजिनापर्यंत किती व्होल्ट येतात ते मला दाखव. आणि गाडी चांगली असली तरी पावसाळा सरला की ती पट्टी एकदा सोडून बघा. एक पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो.