पासवरची नावं

आप्पा बेळगाव स्टेशनात पॉइंट्समन होते. पगार बेताचा. आमच्या घरात मिरवण्यासारखी एकच वस्तू, ती म्हणजे पास. वर्षाला तीन सेट मिळत. अर्ज हुबळीला जाई आणि तिकडून कागद येई. त्यावर जायचा मार्ग, वाटेत उतरायची स्टेशनं आणि खाली आम्ही सगळे वयासकट: स्वतः, पत्नी, मुलगा, मुलगी, मुलगी. आई तो रेशनकार्डापेक्षा जपायची. त्याच्यावर आम्ही पंढरपूर केलं, काशीही केली.

आईचं माहेर मात्र त्यात बसत नव्हतं. निपाणीला रेल्वेच नाही. पाऊणशे किलोमीटरवरचं तंबाखूचं गाव, पण तिथं संकेश्वरवरून, तवंदी घाटातून बसनंच जायचं. नकाशात चिकोडी रोड स्टेशन त्यातल्या त्यात जवळ दिसतं. पण रेल्वेनं नावापुढं ‘रोड’ लावलं की खरं गाव लांब आहे असं समजावं, एवढं आम्हा रेल्वेच्या पोरांना कळत होतं.

‘‘काशीला फुकट आणि निपाणीला तिकीट,’’ आई करवादायची.

‘‘तुझ्या बापानं रुळाजवळ घर बांधायचं होतं की,’’ आप्पा म्हणायचे.

सत्तरच्या दशकातल्या एका दिवाळीत तिनं हट्टच धरला, माहेरी जाईन तर पासावर. सकाळी मीटरगेजच्या गाडीत बसलो. घटप्रभा, रायबाग, कुडची, मग कृष्णेचा पूल. मिरजेला लहान रूळ संपले. ट्रंक, फराळाचा डबा आणि दोन झोपाळू बहिणी घेऊन ब्रॉडगेजच्या फलाटावर पळालो. कोल्हापूरला उतरून कागलवरून बस. कर्नाटकातून निघून महाराष्ट्र पालथा घालून पुन्हा कर्नाटकातच, तेही दिवेलागणीला! मामा दारातच म्हणाला, ‘‘अक्का, बेळगावातनं आलीस का मुंबईतनं?’’ आईचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा. ‘‘कोल्हापूरपासनंच तिकीट पडलं,’’ ती म्हणाली.

1981 मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीला महामार्ग अडवला, पुढं गोळीबार झाला. तेव्हा मामाची खबर यायला किती उशीर लागला! काशीपर्यंत नेणारा कागद ट्रंकेत तसाच पडून होता.

मग नावं गळायला लागली. मुलगा एकवीस वर्षांचा झाला आणि शिक्षण सुटलं, की रेल्वे त्याला घरातला धरत नाही. माझं नाव गेलं, तेव्हा नोकरी नसल्याचं दुःख मला त्या कागदानंच जास्त दिलं. बहिणींची नावं लग्नानंतर गेली. उरले स्वतः आणि पत्नी. नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडलं गेलं, त्याच सुमारास आप्पा निवृत्त झाले आणि सेटही कमी झाले. ते गेल्यावर आला विधवा पास. त्यावर आई एकटीच. आता तोही मोबाइलवर निघतो. मी विचारतो, ‘‘काढू का?’’ ती म्हणते, ‘‘कुठं जाऊ?’’

जून 2023 मध्ये कर्नाटक सरकारनं शक्ती योजना आणली. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास, हातात शून्य रुपयांचं तिकीट. सीमाभागातल्या आमच्यासारख्या मराठी घरात बेंगळुरूच्या सरकारचं कौतुक सहसा होत नाही. आई मात्र मोकळेपणानं करते. आधार कार्ड पिशवीत टाकून ती स्टँडवर जाते. कोल्हापूरची गाडी निपाणीवरूनच जाते, पण राज्य ओलांडणाऱ्या गाडीला योजना लागू नाही. कंडक्टर ‘‘आजी, चला’’ म्हणून हाक मारतो. ती ढिम्म हलत नाही. निपाणीपुरती गाडी लागेपर्यंत बसून राहते.