तोरणमाळची चूल आणि टॉल युनिटमधला मायक्रोवेव्ह

महाराष्ट्राचा नकाशा समोर धरा. वर डावीकडे, गुजरात आणि मध्य प्रदेशच्या मधोमध घुसलेला एक कोपरा दिसेल. तो नंदुरबार जिल्हा. १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा झालेला. त्याच्या वरच्या टोकाला, सातपुड्याच्या माथ्यावर आहे तोरणमाळ. उंची साधारण ११५० मीटर. इथे चिक्कीची दुकानं नाहीत, घोड्यावर बसून फोटो काढणारी गर्दी नाही आणि मोबाइलची रेंज तिला वाटलं तर येते. म्हणजे आपल्यासारख्या हापिसवाल्यांसाठी थेट औषधच!

आम्ही निघालो ते मात्र औषधासाठी नाही, पळून जाण्यासाठी. नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं की वीकएण्ड संपतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. शनिवार टाइल्सवाल्याचा, रविवार मॉड्युलर किचनवाल्याचा. आमचं घोडं अडलं होतं बिल्ट-इन मायक्रोवेव्हपाशी. थ्रीडी ड्रॉइंगमध्ये टॉल युनिट झक्कास दिसत होतं: खाली ओव्हन, त्याच्यावर मायक्रोवेव्ह, दोन्ही काळ्या काचेचे. नवरोबा फिदा. सासूबाईंनी ड्रॉइंग पाहून एकच प्रश्न विचारला, "एवढ्या वर?" त्यांची उंची पाच फूट. आठवड्यातले पाचही दिवस दुपारचं स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात असणार. घरात थोडी गरमागरमी झाली. किचनवाल्याला मंगळवारी कटआउट कापायचा होता. मधे आले तीन सुट्टीचे दिवस. म्हटलं, चला.

पुण्याहून साडेचारशेपेक्षा जास्त किलोमीटर पडतात. नाशिक, धुळे, मग दोंडाईचा. दोंडाईचा-नंदुरबार हा मिरचीचा पट्टा. हिवाळ्यात मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी नाक सांगतं, आलो आपण खानदेशात! पुढे सारंगखेड्याला तापी ओलांडायची. डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास गेलात तर इथला घोडेबाजार चुकवू नका. मग शहादा, आणि तिथून साधारण ५५ किलोमीटरवर तोरणमाळ. शेवटचा सातपायरीचा घाट म्हणजे वळणावर वळण. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे आपलं पेट्रोल.

वर पोचलं की पहिल्यांदा समोर येतो यशवंत तलाव. सकाळी त्याच्यावर धुकं असतं आणि काठावर कुडकुडणारे आपण. सीताखाईची दरी बघायला पावसाळ्याच्या शेवटी जावं, तेव्हा धबधबा जोरात असतो. आम्ही डिसेंबरात गेलो, तेव्हा पाणी कमी आणि शांतता जास्त होती. गोरक्षनाथांचं मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. एरवी मात्र पावरा आणि भिल्ल वस्त्यांचं हे साधं, शांत पठार आहे.

दुपारी तलावापासून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या खाणावळीत जेवायला थांबलो. उडदाची डाळ, भाकरी, मिरचीचा ठेचा. "डाळीला वेळ लागेल," मावशींनी आधीच सांगितलं. यात आळस नव्हे, फिजिक्स होतं. ११५० मीटरवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी १००ला नाही तर साधारण ९६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यातली डाळ त्याहून जास्त तापतच नाही, म्हणून ती जास्त वेळ घेते. थंडी होतीच. मी सरळ आत चुलीपाशी जाऊन बसले.

आणि मला तिथे खराखुरा बिल्ट-इन दिसला.

कोपऱ्यात मातीची चूल, तिच्या बाजूला वैल. चुलीवर तवा, वैलावर डाळीचं पातेलं. पुढे जाळ, आणि त्याचीच उरलेली धग मागच्या डाळीला. भाकरी तव्यावर भाजली की मावशी ती निखाऱ्यांशेजारी उभी करायच्या. टम्म फुगायची. बसल्या जागेवरून पीठ, पाणी, लाकडं, काठवट, सगळं हाताच्या अंतरावर. उठायची गरज नाही की वाकायची नाही.

"चूल कोणी घातली, मावशी?"

"मीच. दुसरं कोण घालणार? माझ्या बसण्याच्या मापानं घातली. सून म्हणते तिला अवघडतं. ती आली की तिची ती वेगळी घालेल."

फोनमधलं आमचं टॉल युनिट मी त्यांना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं. "यात भाकरी होते?" नाही. "डाळ?" होते, पण आम्ही कुकरच लावतो. "मग?" जेवण गरम करतो, दूध तापवतो, कधी भाजी वाफवतो. मला वाटलं आता हसतील. त्या म्हणाल्या, "गरम करायलाही कामाचंच की. इथं रात्री कोणी उशिरा आलं तर मला पुन्हा चूल पेटवावी लागते."

चुलीचं उगाच कौतुक करायचं नाही, बरं का. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते आणि माझेही. शेजारी गॅसची शेगडी होती. चहा तिच्यावर, भाकरी चुलीवर. उज्ज्वला योजना २०१६ला सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत अशी दोन-दोन विस्तवांची सोय आहे. कुठलं काम कशावर, हे मावशींचं पक्कं ठरलेलं होतं. आमचं मात्र ठरलेलं नव्हतं. आम्ही काळी काच निवडली होती, काम निवडलंच नव्हतं.

परतताना घाटात नवरोबा गाडी चालवत होता आणि मी यादी करत होते. तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून देते.

पहिली गोष्ट, मायक्रोवेव्ह काय करतो? १९४५ साली अमेरिकेत रेथिऑन या रडार बनवणाऱ्या कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरला या लहरींनी अन्न तापतं हे लक्षात आलं. १९४७चा पहिला मायक्रोवेव्ह पुरुषभर उंच आणि साधारण ३४० किलोचा होता. ओट्यावर मावणारा घरगुती मायक्रोवेव्ह १९६७मध्ये आला. म्हणजे मोठ्या कष्टानं तो आटोपशीर झाला आणि आता आपण त्याला पुन्हा भिंतीत बसवतोय! त्याच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या. अन्नातलं पाणी त्यांनी तापतं. लहरी दोन-तीन सेंटीमीटर आत शिरतात, पुढची उष्णता हळूहळू सरकते. त्यामुळे 'आतून बाहेर शिजतं' हे काही खरं नाही. आणि पाणी असेपर्यंत अन्न उकळबिंदूच्या फार वर जात नाही, म्हणून भाकरीला डाग पडत नाहीत, पापुद्रा सुटत नाही. त्यासाठी तवाच हवा. खरपूस काही हवं असेल तर ग्रिल, केक-बिस्किटं हवी असतील तर कन्व्हेक्शन. फक्त गरम करायचं असेल तर साधा सोलोही पुरतो.

दुसरी गोष्ट, उंची. बिल्ट-इन एकदा बसला की सरकत नाही. गरम आमटीचं भांडं खांद्याच्या वरून काढणं धोक्याचं. आतली फिरती ताटली घरातल्या सगळ्यांत कमी उंचीच्या माणसाच्या कोपराच्या आसपास यावी, छातीच्या वर नको. दुकानात फक्त दार उघडून बघू नका. पाण्यानं भरलेलं भांडं उचलून बाहेर काढून बघा. आणि दार बाजूला उघडतं की खाली पडतं, तेही बघा. खाली पडणाऱ्या दारावरून हात लांब करावा लागतो.

तिसरी गोष्ट, कोनाडा. बिल्ट-इन मॉडेलं बहुतेक ६० सेंटीमीटर रुंदीच्या कपाटाच्या हिशेबानं येतात. उंची साधारण ३८ किंवा ४५ सेंटीमीटर. मायक्रोवेव्ह काही वर्षांनी जाणार, कपाट त्याच्यापेक्षा जास्त टिकणार. आज एखाद्या विचित्र मापाच्या मॉडेलसाठी कटआउट कापला तर उद्या नव्यासाठी सुतार पुन्हा बोलवावा लागेल. मावशी बिघडलेली चूल एका दुपारी मोडून नवी घालू शकतात. आपलं मरीन प्लाय तसं ऐकत नाही! म्हणून स्टँडर्ड मापच घ्या आणि मॉडेलचं इन्स्टॉलेशन ड्रॉइंग हातात आल्याशिवाय करवत चालवू देऊ नका.

चौथी गोष्ट, हवा आणि वीज. मागे, वर, बाजूला किती मोकळी जागा सोडायची ते कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये असतं. ती पाळा. साधा मायक्रोवेव्ह कोनाड्यात कोंबून पुढे पट्टी मारली की तो बिल्ट-इन होत नाही. कंपनीचा त्याच मॉडेलसाठी ट्रिम किट असेल तरच तसं करा. ९०० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारी शक्ती. विजेचा भार त्याहून बराच जास्त, कन्व्हेक्शनमध्ये तर आणखी. १६ अँपियरचा वेगळा पॉइंट घ्या आणि त्याचं बटण शेजारच्या कपाटात, हात पोचेल असं ठेवा. थेट मागे नको, नाहीतर बंद करण्यासाठी अख्खा मायक्रोवेव्ह बाहेर ओढावा लागतो. बीईईनं २०१९मध्ये मायक्रोवेव्हसाठीही ऐच्छिक स्टार लेबल आणलं. असेल तर बघा.

पाचवी गोष्ट, सर्व्हिस. बिल्ट-इन बिघडला की उचलून दुकानात नेता येत नाही. तुमच्या भागात घरी येणारा टेक्निशियन आहे का आणि युनिट काढून पुन्हा बसवण्याचे पैसे कोण देणार, हे आधीच लिहून घ्या.

मग आम्ही काय ठरवलं? ओव्हन आणि मायक्रोवेव्ह अशी दुमजली इमारत रद्द. वर्षातून दोन केक होणाऱ्या घरात एवढा संसार कशाला? त्याऐवजी एकच बिल्ट-इन कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, ६० बाय ४५च्या कोनाड्यात. वैलासारखं, एकाच यंत्रात दोन कामं. आणि कोनाड्याचा तळ जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर. हे माप मी शहाद्याला चहाला थांबलो तेव्हा सासूबाईंना फोन करून घेतलं. त्यांनी टेप शोधली, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, कोपरापर्यंतचं अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "हे कोणी विचारलंच नव्हतं मला."

नवरोबाला काळी काच मिळाली, एकच पण मिळाली. थ्रीडी ड्रॉइंगमध्ये आता ती थोडी खाली दिसते, वरच्या मजल्यावर बरण्या. बघणाऱ्याला कदाचित तेवढं स्टायलिश वाटणार नाही. पण भिंतीत कायमचं काही बसवायचं असेल तर आधी ते रोज वापरणाऱ्याला बसवून, उभं करून, हात लांब करायला लावून बघावं. तोरणमाळला हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण चूल घालणारी आणि चुलीपाशी बसणारी एकच असते. आपल्याकडे डिझाइन करणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि दूध तापवणारा तिसरा.

कसं जाल?

रेल्वेनं सुरत-जळगाव मार्गावरच्या नंदुरबारला उतरायचं. तिथून शहाद्याकडे जाताना वाटेत प्रकाशा लागतं, तापी आणि गोमाईच्या संगमावरचं. शहाद्याहून तोरणमाळ गाठायचं. स्वतःची गाडी असेल तर घाट उजेडातच चढा आणि टाकी शहाद्यालाच भरून घ्या. हिवाळ्यात जाड स्वेटर हवाच. पावसाळ्याचा शेवट आणि हिवाळा, हे दोन्ही मोसम उत्तम.

आणि हो, अक्राणी म्हणजे धडगाव भागातला आमचूर घेतल्याशिवाय येऊ नका. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात. त्याला ना वीज लागते, ना गॅस. आमटीत दोन फोडी टाका. ती आमटी दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तरी तितकीच चविष्ट लागते.