‘ॲट’ की ‘इन’?

मी मराठीचा अध्यापक. इंग्रजीच्या वाटेस मी सहसा जात नाही. पण इंग्रजीच माझ्या वाटेस येते, त्याला काय करणार?

आपली मराठी किती सोयीची! ‘बदलापूरला राहतो’ म्हटले, की काम झाले. गाव लहान की मोठे, हे ‘ला’ प्रत्यय विचारीत बसत नाही. इंग्रजीत मात्र रेन आणि मार्टिन या जोडगोळीने बजावून ठेवले आहे, की मोठ्या शहराला ‘इन’, लहान गावाला ‘ॲट’. म्हणून माझे वडील जन्मभर ‘ॲट बदलापूर’ लिहीत आले. घोडे बदलण्याचे ठिकाण ते बदलापूर, असे सांगतात. तेव्हा घटकाभर थांबण्यापुरता ‘ॲट’ त्याला शोभतही असे. आता माझी मुलगी बेधडक ‘इन’ लिहिते. आणि ‘ऑन’? आगगाडीच्या आत बसूनही इंग्रज ‘ऑन द ट्रेन’ का म्हणतो, याचे मर्म मला अंबरनाथ स्टेशन सुटल्यावर, लोकलच्या दांड्याला लोंबकळताना कळले!

परवा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले एक वृद्ध सिंधी स्नेही आले. परदेशातल्या नातवाला आजोबांविषयी चार ओळी इंग्रजीत हव्या होत्या. वडिलांच्याच वळणावर मी लिहिले, जन्म ‘ॲट शिकारपूर’, वास्तव्य ‘ॲट उल्हासनगर’. आणि सहज तो नियमही सांगितला.

आजोबांचा चेहरा पडला. “साईं, शिकारपूरच्या सावकारांची हुंडी बुखाऱ्यापर्यंत चालत होती. ते काय लहान गाव?”

मी ओशाळलो. “आणि उल्हासनगर?”

“फाळणीनंतर आलो, तेव्हा हे गावच नव्हतं. लष्कराचा कल्याण कॅम्प. बराकीत गोणपाटाचा पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. १९४९ साली उल्हासनगर नाव मिळालं. पण वडिलांनी ट्रंक काही उघडून लावली नाही. म्हणायचे, थोड्या दिवसांचा मुक्काम आहे. तेव्हा आम्ही तुमच्या ‘ॲट’मध्येच होतो.”

“मग ‘इन’मध्ये कधी आलात?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “वडिलांना इथंच अग्नी दिला. घरी येऊन ती ट्रंक उघडली. आत शिकारपूरच्या घराची किल्ली होती.”

व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात हा नियम मला आढळलेला नाही. मी मुकाट्याने दोन्ही ‘ॲट’ खोडले आणि दोन्हीकडे ‘इन’ लिहिले.