घरच्या मोत्याचा दांत

‘मोत्या आपल्या घरचा, त्याच्या दांताला कसलें विष?’ असें म्हणून जखमेवर चुना किंवा हळद दाबण्याची रीत छत्रपति संभाजीनगरांतील जुन्या घरांतून मीं पुष्कळदां पाहिली आहे. हेतु मायेचा, उपाय मात्र घातक.

जखम लागलीच साबण लावून वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी. मग त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी. कारण पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसलीं कीं माणूस सहसा हातीं लागत नाहीं. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी, पण तेवढ्यासाठीं लस थांबवूं नये. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात व खोल, अरुंद जखमेंत हवेवांचून माजतात. मागील टोंचणीस ५ वर्षें उलटलीं असल्यास ती पुन्हा घ्यावी.

१९०० सालीं हिंदुस्थानांतील पहिली पाश्चर संस्था कसौलीस निघाली, तेव्हां दक्षिणेंतील रोग्यांस लसीसाठीं तेथवर जावें लागे. आज ती घाटी रुग्णालयांत मिळते. ज्यांच्या पणजोबांस कसौलीचा डोंगर चढावा लागला असता, त्यांनीं घटकाभराच्या रिक्षेचा कंटाळा करावा काय?