दंतकथा

'दंतकथा' हा शब्द वर्गात शिकवताना आम्ही 'एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारी, लेखी पुरावा नसलेली गोष्ट' एवढा अर्थ सांगून पुढे जात असू. अलीकडे दातांवरील जिवाणूंच्या जनुकीय अभ्यासाविषयी वाचू लागल्यापासून तो शब्द आम्हांला सहजी सोडवत नाही. तेथेही प्रश्न तोच आहे : कोणाच्या तोंडातून कोणाच्या तोंडात काय गेले आणि जाताना त्यात कोणते पाठभेद झाले?

डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६८३ साली स्वतःच्या दातांमधले किटण सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. (त्याला लॅटिन येत नव्हते, त्याने आपल्या डच बोलीतच लिहिले, मराठीच्या प्राध्यापकांना हे सुखावणारच!) किडलेल्या दातांत सापडणाऱ्या 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' या जिवाणूला ते नाव क्लार्कने १९२४ मध्ये दिले. हा जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतो आणि आम्लाने दाताचे कवच विरघळते.

पण प्रयोगशाळेच्या बशीत जे वाढते तेवढेच दिसते, ही जुनी अडचण होती. तोंडातले कितीतरी जिवाणू तेथे वाढतच नाहीत. म्हणून संशोधकांनी सर्वच जिवाणूंत आढळणारे एक जनुक निवडले आणि त्याच्या अक्षरक्रमातील फरकांवरून जाती ओळखायला सुरुवात केली. मानवी मुखात सुमारे ७०० जाती असल्याचे त्यातून कळले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून कुळे लावली गेली, ती रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे काम परके वाटू नये.

याच रीतीने आईच्या आणि मुलाच्या तोंडातील म्यूटन्स ताडून पाहिले, तेव्हा अनेकदा वाण एकच निघाला. आम्ही हे घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. आमच्या आईचे बहुतेक दात गेलेले आहेत. आमच्याही दाढा धड नाहीत. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुझे दात माझ्यामुळे किडले?"

या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणे सोपे होते, पण ते अपुरे ठरले असते. वाण बहुधा तिचाच असेल. मात्र वाण आला म्हणजे कीड आलीच असे नव्हे. म्यूटन्स अनेक निरोगी तोंडांतही असतो, आणि त्याचा फारसा पत्ता नसतानाही दात किडतात. वारंवार साखर मिळत राहिली की आम्लात टिकणाऱ्या जाती बळावतात आणि सारी वस्तीच बदलते. २०१३ साली युरोपातील ३४ प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरचे दगडासारखे झालेले किटण खरवडून त्यातील डीएनए वाचण्यात आला. शेती आल्यावर तोंडातली वस्ती बदलली, आणि कारखानदारीच्या काळात, पांढरे पीठ व साखर स्वस्त झाल्यावर, ती पुन्हा बदलून विविधता घटली, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने म्यूटन्सच्या ५७ वाणांची जनुके ताडून त्याचा प्रसार सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, म्हणजे शेतीच्या आरंभाच्या सुमारास, वाढू लागला असावा असे मांडले.

आईने हे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "भात चावून मऊ करून तुला मी नाही भरवला. भरवायची ती तुझी आजी."