बेडूक उडाला भुर्रर्र!

मुलांनो, बेडूक उडतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवाल? आमच्या चौथीच्या वर्गानं मुळीच ठेवला नाही. "बाई, तो नुसता उड्या मारतो!" असा एकच गिल्ला झाला. म्हटलं, थांबा, स्वतःच बघून येते. जूनमधल्या एका शनिवारी सावंतवाडीला बेळगावची एसटी पकडली आणि घाट चढून आंबोलीला उतरले.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. पाऊस म्हणाल तर वर्षाला ७०० सेंटीमीटरच्या आसपास! ज्यांच्या घरी उतरले होते ते काका माझ्या छत्रीकडे बघून हसले. "बाईनू, छत्री हंय टिकाची नाय!" ती टिकली नाहीच. मग डोक्यावर इरलं, हातात बॅटरी, अशी माझी स्वारी रात्री निघाली.

घरामागे सिमेंटची पाण्याची टाकी होती. तिच्यावर झुकलेल्या फांदीवर साबणाच्या फेसाचा गोळा लटकत होता. कुणी कपडे धुतले की काय? छे! ते होतं बेडकाचं घरटं. मादी अंगातून स्रवणारा चिकट पदार्थ पायांनी घुसळते, त्याचा फेस होतो आणि त्यात अंडी राहतात. फेस वरून वाळतो, आत ओलावा टिकतो. पिल्लं झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. पाळणा बरोबर पाण्यावरच टांगलेला, आहे की नाही हुशारी?

आणि तो बघा, वरच्या पानावर घरमालक! मलबारी उडता बेडूक, पोपटी हिरवा, जवळजवळ १० सेंटीमीटर लांब. त्यानं अंग सैल सोडलं, चारही पंजे पसरले, बोटांमधले लालसर पडदे उघडले आणि तिरपा तरंगत खालच्या झुडपात गेला. पक्ष्यासारखं पंख मारणं नाही हं, ही हवाई घसरगुंडी! असा तो ९ ते १२ मीटर जाऊ शकतो. म्हणजे माझ्या वर्गाचंही थोडं बरोबर होतं, हे मला सोमवारी कबूल करावंच लागलं.

मी खुशीत परत फिरले, तर काका एकदम ओरडले, "पाय थांबवा!" माझा पाय सड्यावरच्या एका डबक्यावर होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. डबकं जेवणाच्या ताटाएवढं, पाणी बोटभरसुद्धा नाही, आणि त्यात अंडी! शेजारी अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला एक चिमुकला भेक बसला होता. हा आंबोलीचा भेक. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याला नवीन जात म्हणून नाव दिलं, त्यातही वाघ आहेच: टायगरिना. आंबोली आणि आसपासच्या मोजक्या जागा सोडल्या तर हा फारसा कुठे नाही. अतिशय धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याचं नाव आहे.

तो मोठ्या तळ्यात अंडी का घालत नाही, असं तुम्ही विचाराल. तळ्यात मासे असतात, खाणारी तोंडं असतात, इथे नसतात. पण डबकं सुकलं तर? पावसानं दडी मारली की संपलं सगळं. शिवाय हे महाराज पावसाळी रात्री डांबरी रस्त्यावरही येऊन बसतात, आणि धबधबा बघायला आलेल्या गाड्यांना ते दिसत नाहीत. परतताना बॅटरीच्या उजेडात तसे दोन दिसले. त्यांचं वर्णन करत नाही.

सकाळी बघते तर काय, लख्ख ऊन! मी धावतच सड्यावर गेले. रात्रीच्या ताटाची वाटी झाली होती. मी बाटलीचं झाकण उघडलं, पण काकांनी मान हलवली. एका डबक्यात ओताल, पण सड्यावर अशी किती डबकी? आणि पिण्यासाठी शुद्ध केलेलं ते पाणी त्या अंड्यांना मानवेल का? मी झाकण लावलं.

दुपारी एसटीत बसले तरी लक्ष आभाळाकडेच. घाटाच्या पहिल्या वळणावर धुकं उतरलं, आणि खिडकीच्या काचेवर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. कंडक्टर म्हणाले, "बाई, काच लावून घ्या, भिजाल!"

मी काच उघडीच ठेवली.